आठवं ब्लँकेट, आणि मावशींची रांग

शेवंता_ऐरोली (धागाकर्ती)

जय ख्रिस्त. ज्यांना तसं म्हणायची सवय नाही त्यांना नमस्कार.

आमची मंडळी म्हणजे ऐरोलीतली साठेक कुटुंबं, बहुतेक नगर-जालन्याकडची. स्वतःचं चर्च नाही. रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो, बाकं सरकवतो, फळ्यावरचं लसावि-मसावि पुसतो आणि उपासनेला बसतो. दर नाताळाच्या आधीच्या शनिवारी रबाळ्याच्या पुढे रुळालगतच्या वस्तीत ब्लँकेटं वाटतो. टेम्पो, फ्लेक्स, पाळकसाहेबांची प्रार्थना, फोटो, चहा, घरी. अकरा वर्षं हेच चाललंय. (नव्या मुंबईत थंडी पडते जेमतेम पंधरा दिवस, पण ब्लँकेट फोटोत छान दिसतं.)

गेल्या डिसेंबरात एका मावशींनी ब्लँकेट हातात घेतलं, कड चाचपली आणि परत माझ्याच हातात दिलं.

"ताई, हे आठवं. तुमच्याआधी पक्षवाले येऊन गेले, त्यांच्याआधी कंपनीवाले. द्यायचंच असंल तर मंगळवारी माझ्या जागी दवाखान्यात कोण उभं राहतं का सांगा. आता खाडा झाला तर मॅडम दुसरी बाई बघतील."

मी हसले. खरं सांगते, काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून हसले. मागे फ्लेक्सवर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन होतं, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. त्याच अध्यायात दोन ओळी आधी याकोब टोमणा मारतो की अंगावर वस्त्र नसलेल्याला तुम्ही नुसतं 'सुखाने जा, ऊब घ्या' म्हणालात तर उपयोग काय? आम्ही नुसतं म्हणत नव्हतो, ऊब देतही होतो. पण ती आठव्यांदा, आणि जिला ती नको होती तिला.

मंगळवारी गेले. मावशींचा नवरा नाक्यावर बिगारी काम करतो, दोन महिने खोकला. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ते तीनदा जाऊन अर्ध्यावर परत आले होते. आधी केसपेपरची खिडकी, मग ओपीडी, मग दुसऱ्या इमारतीत एक्स-रे, बेडक्याची तपासणी, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, रिपोर्ट दाखवायला पुन्हा ओपीडी, तोवर डॉक्टर उठलेले. प्रत्येक खेपेला दोघांचीही मजुरी बुडायची. मी सात-दहाला उभी राहिले, माझ्यापुढे एकेचाळीस माणसं. काका बाकावर बसून होते, मावशी कामाला गेल्या. पुढच्या बाईने तिची पिशवी माझ्या पायाशी ठेवली, "बघा हां" म्हणाली आणि पोराला घेऊन मुतारीकडे गेली. साडेतीन तास. रांगेत उभं राहून स्वतःसाठी काहीच मिळवायचं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या. पोषणाचे महिना हजार रुपये सरकार खात्यात टाकतं, पण काकांचं खातं केवायसीअभावी बंद पडलेलं. म्हणजे बँकेची रांग. ती दवाखान्यापेक्षा लांब होती.

आता आम्ही पाच जण आहोत. मंगळवार आणि शुक्रवार. नियम मावशींनीच घालून दिल्यासारखे आहेत: फोटो नाही, फ्लेक्स नाही, पत्रक नाही, आणि एकदा हात धरला तर उपचार संपेपर्यंत सोडायचा नाही.

वाद आमच्या कमिटीत झाला. एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "भगिनी, कृत्यांनी तारण होत नाही. इफिसकरांस दोन, आठ-नऊ वाचा." (तारण म्हणजे पापातून सुटका; इफिसकरांस हे बायबलमधलं पौलाचं पत्र.) मी म्हटलं, दहावंही वाचा, सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय असं तिथे लिहिलंय. त्यावर ते जे बोलले ते मात्र लागलं: "तुम्ही कोणाच्या नावाने उभ्या राहता तेच त्यांना सांगत नाही. मग ही साक्ष कसली? ही समाजसेवा झाली."

इथे ठाणे-नवी मुंबईतले, वेगवेगळ्या चर्चमधले लोक आहेत, म्हणून विचारते. तुमच्याकडे हे कसं चालतं? आणि गप्प राहून केलेलं काम म्हणजे नाव नाकारणं का?

---

मसुंदाकाठ

ताई, धागा आवडला. मी ठाण्याच्या कॅथलिक पॅरिशमधला. आमच्याकडे सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचं काम बाबा पंचवीस वर्षं करत होते, आता मी. तुमच्या बंधूंना तिचा उगम सांगा. १८३३ सालचं पॅरिस, फ्रेडरिक ओझानम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी. वादसभेत ख्रिस्ती धर्माने जगाचं किती भलं केलं ते हिरिरीने मांडत होता. समोरून एकाने विचारलं, ते झालं इतिहासातलं, आज तुम्ही काय करताय? याच्याकडे उत्तर नव्हतं. मग चार-पाच मित्र जमवले आणि गरिबांच्या घरी जायला लागला. तुमच्या मावशींनी विचारलं तेच त्याला तिथे विचारलं गेलं.

आमचे दोन नियम तेव्हापासूनचे. घरभेटीला दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. आणि सभेच्या शेवटी पिशवी फिरते, बंद पिशवी. कोणी किती टाकले, टाकले की नुसता हात घातला, कोणाला कळत नाही. बाबा कधीकधी रिकामा हात घालायचे, तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. आम्हाला हे त्यांच्या पश्चात आईने सांगितलं.

---

डोंबारी

हे सगळं ठीक, पण हे सरकारचं काम आहे. तुम्ही रांगेत उभं राहून ती रांग टिकवताय. लोक ओरडले तर खिडक्या वाढतील.

---

शेवंता_ऐरोली

डोंबारी, पटतंय. पाचवा मंगळवार झाल्यावर आम्हीही तेच म्हणालो. ज्येष्ठांना आणि लेकुरवाळ्या बायांना वेगळी खिडकी द्या, असा लेखी अर्ज दिला आहे. पोच घेतली, उत्तर यायचंय. अर्जावर चर्चचं नाव घातलं नाही. रांगेतल्या तीसेक लोकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. पण उत्तर येईपर्यंत काकांच्या छातीतलं थांबत नाही ना.

---

सेमिनरीतून_पळालेला

(पाद्री घडवतात त्या शाळेतून खरंच पळालोय, दुसऱ्या वर्षी. आता घोडबंदर रोडला इन्शुरन्स विकतो.)

तुमच्या बंधूंचा मुद्दा इतका जुना आहे की त्यापायी युरोप फाटला, म्हणून दोन ओळी. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात अब्राहामाचा दाखला देऊन म्हणतो, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब दुसऱ्या अध्यायात त्याच अब्राहामाचा दाखला देऊन म्हणतो, नुसत्या विश्वासाने नाही, क्रियांनी. दोघंही उत्पत्ती १५:६ हेच वचन पुढे करतात! फरक असा की पौल थांबतो चांदण्या मोजायला लावणाऱ्या रात्रीपाशी, जिथे अब्राहामाने अजून काही केलेलंच नाही. याकोब पुढे बाविसाव्या अध्यायापर्यंत जातो, मुलाला, इसहाकाला, देवाला अर्पायला घेऊन डोंगर चढण्यापर्यंत. एकाचा प्रश्न दारातून आत कसं यायचं हा, दुसऱ्याचा प्रश्न आत आलेला माणूस जिवंत आहे का हा.

मार्टिन ल्युथरला याकोब इतका खुपायचा की १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. तरी काढून टाकलं नाही, मागे ढकललं. आणि जो वाद तेव्हा पेटला त्यावर लुथेरन आणि कॅथलिक यांनी १९९९ साली, ३१ ऑक्टोबरला, जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये एकत्र सही केली: तारण कृपेनेच, आमच्या कुठल्या पुण्याईने नव्हे, आणि ती कृपाच सत्कर्मांना बोलावते. जवळपास पावणेपाचशे वर्षं लागली. तुमच्या कमिटीला एक बैठक पुरली नाही म्हणून नाराज होऊ नका.

अवांतर: याकोब तिथेच दुसरा दाखला राहाबचा देतो. वेश्येचा. तो फ्लेक्सवर कोणी छापत नाही.

---

मसुंदाकाठ

राहाबला +१.

---

काकडआरती

मी ख्रिस्ती नाही. कळव्यात राहतो, घरात माळ आहे, वारीला जातो. वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

चार वर्षांपूर्वी आई आयसीयूतून वॉर्डात आली. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली, गोड बोलली, तिच्या उशाशी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करू लागली. आम्हाला न विचारता. आईच्या नाकात नळी, तिला हातही हलवता येईना. मी बाहेरून चहा घेऊन आलो तर हे दृश्य. त्यांचा हेतू वाईट असेल असं आजही वाटत नाही, पण माझी आई तेव्हा कोणाला नाही म्हणू शकत नव्हती. तेव्हापासून कोणी फार प्रेमाने मदतीला आलं की मी आधी त्याच्या पिशवीकडे बघतो.

म्हणून ताई, पत्रक नाही हा नियम कमिटीने काही म्हटलं तरी मोडू नका.

---

शेवंता_ऐरोली

काकडआरती दादा, लिहिलंत ते बरं केलंत. वाचून पोटात कालवलं. ती माणसं आमच्या मंडळीची नसतीलही, पण आमच्यातलीच कोणीतरी होती हे नाकारून काय उपयोग? आई कशा आहेत आता?

---

काकडआरती

त्याच वर्षी आषाढात गेल्या. पण धन्यवाद विचारल्याबद्दल.

---

नगरी_निवांत

मी बंधूंच्या बाजूने बोलतो, कोणीतरी बोलायला हवं.

माझी पणजी १८९६-९७ च्या दुष्काळातली. पंडिता रमाबाई त्या वेळी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायांना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांची वस्ती उभी राहिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पणजी त्यांच्यातली नव्हे, आमच्याच तालुक्यातल्या मिशनच्या अन्नछत्रातली, पण गोष्ट तीच. रमाबाईंनी पोट भरलं, अक्षर शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं, आणि कोणाच्या नावाने हे करतेय तेही लपवलं नाही. बायबलचं मराठी भाषांतर पुरं होता होता त्या गेल्या, १९२२ साली. त्या गप्प बसल्या असत्या तर?

ताई रांगेत उभ्या राहतात ते उत्तमच. पण मावशींनी सरळ विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर "असंच, समाजसेवा" म्हणणार का? ते खोटं होईल. दिवा लावून परातीखाली ठेवायचा नाही, हेही त्याच ग्रंथात आहे.

---

सेमिनरीतून_पळालेला

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातच दोन्ही आहेत, निवांतराव. पाचव्या अध्यायात दिवा दिवठणीवर ठेवा, सहाव्यात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. मधे फक्त एक पान आहे.

---

शेवंता_ऐरोली

निवांत भाऊ, मावशींनी विचारलं होतं. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी. मी इथे लिहिलं नाही कारण माझं उत्तर मलाच धड आलं नव्हतं.

आम्ही एक्स-रेच्या बाहेर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला पगार कोण देतं याचा?" म्हटलं, कोणी नाही. "मग?" मी म्हटलं, "मावशी, मी येशूला मानते. तो म्हणतो, आजाऱ्याला भेटायला गेलात म्हणजे माझ्याकडे आलात. म्हणून येते." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी येता. आमच्यासाठी नाही."

मला घाम फुटला. त्या हसत होत्या, चेष्टेने बोलल्या, पण चुकलं काय त्यांचं? मग मी गडबडीने म्हटलं, "आधी त्याच्यासाठी आले, आता तुमच्यासाठी पण येते." "बरं," म्हणाल्या, आणि डब्यातली अर्धी भाकरी दिली, मिरचीच्या ठेच्याबरोबर.

तर विचारलं की सांगते. विचारलं नाही तर सांगत नाही. बंधूंना हे पुरत नाही. तुमच्या पणजींचं वाचल्यावर मला ते पूर्ण चूक वाटत नाहीत हेही सांगते. फक्त दुष्काळात जेवण देणाऱ्याने नाव सांगितलं तर ऐकणारा उठून जाऊ शकत नाही, तेवढी बोच राहते.

---

नगरी_निवांत

ती बोच पणजीलाही असेल का, कधी विचारलं नाही कोणी. असो.

---

चेंदणीची_पोर

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्यातले. ठाण्यातल्या चार हुतात्म्यांची गोष्ट लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकली असेल काहींनी. १३२१ चा एप्रिल, चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू इथे उतरले आणि मारले गेले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस. आम्हाला नेहमी शेवटच सांगितला जायचा, काजीपुढचा वाद, आग, तलवार.

मोठेपणी ओदोरिक या प्रवाशाने लिहिलेली हकिगत वाचली तेव्हा सुरुवात कळली. हे चौघे ठाण्यातल्या एका नेस्तोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबात पाहुणे होते. घरमालकाने एका रात्री बायकोला मारलं. सकाळी ती काजीकडे तक्रार घेऊन गेली. साक्षीदार कोण विचारलं, तर म्हणाली, घरातले पाहुणे. म्हणून त्यांना बोलावणं आलं, आणि मग विषय तिच्यावरून धर्माकडे वळला. पुढचं सगळं त्या वादाचं. त्या बाईचं काय झालं ते कुठेच नाही. सातशे वर्षं आम्ही हुतात्म्यांची नावं घेतोय, मार खाल्लेल्या बाईचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. शेवंताताईंच्या बंधूंनी 'साक्ष' शब्द वापरला तेव्हा मला हीच आठवली. तिने साक्षीदार मागितले होते ते तिच्या पाठीवरच्या वळांसाठी.

त्यांचा सोबती जॉर्डानस नंतर आला, त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. मेलेल्यांना माती देणं हेही आमच्या सात दयेच्या कृत्यांपैकी एक. उरलेली: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. यातलं शेवटचं आम्ही काही बायका करतो. कैद्याला फळं-बिस्किटं द्यायला सगळे तयार असतात. पण खरी अडचण वेगळी असते: जामीन मंजूर झालेला असतो आणि जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच. बाहेर त्याच्या घरच्यांना शोधणं, त्यांना कागद समजावणं, वकिलाच्या मागे लागणं, यातच महिने जातात. त्याचा फोटो काढता येत नाही, काढण्यासारखं काही नसतंच.

---

काकडआरती

हे माहीतच नव्हतं. चेंदणीवरून रोज जातो.

---

बेलापूरचा_बाबू

सरकारी नोकरीत होतो, निवृत्त. धर्माचं मला कळत नाही, कागदाचं कळतं. कामाचं तेवढं लिहितो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला आधी गाठा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते घरूनच बघून निघा. एका काना-मात्रेसाठी दिवस जातो. पेशंटचे मूळ कागद स्वतःच्या पिशवीत कधीही ठेवू नका, झेरॉक्स ठेवा. पाच जण आहात म्हणता, तर एक वही करा: कोणाची पुढची तारीख कधी, कोण जाणार. डोक्यात ठेवलं की एक तारीख चुकते आणि ती चुकली की माणूस परत येत नाही.

टीबीसाठी २०२२ पासून 'निक्षय मित्र' नोंदणी आहे. एकटा माणूसही रुग्णाला पोषण आहाराची पिशवी द्यायची जबाबदारी घेऊ शकतो. ब्लँकेटचे पैसे तिकडे वळवा. शेंगदाणे, डाळ, तेल, अंडी. आणि टीबी वॉर्डाच्या रांगेत मास्क लावा, भक्ती कितीही असो.

---

शेवंता_ऐरोली

बाबूकाका, वही आजच केली. शाळेच्या हॉलमध्ये पडलेली एक दोनशेपानी मिळाली, निम्मी कोणाच्या तरी भूमितीची आहे.

ब्लँकेटचं कमिटीसमोर मांडलं. यंदा निम्मे पैसे पोषणाच्या पिशव्यांना, निम्मी ब्लँकेटं चालू. फ्लेक्सही चालू. बंधू म्हणाले, देणगीदारांना काहीतरी दाखवावं लागतं. भांडले नाही. गंमत म्हणजे परवाच्या शुक्रवारी ते स्वतः आले होते, साडेसातला, इस्त्रीच्या शर्टात. बायबल आणलं होतं, पण पिशवीतून काढलं नाही. अकरा वाजता पाय दुखायला लागले म्हणाले. पुढच्या खेपेला येतील की नाही सांगता येत नाही.

मावशींच्या नवऱ्याचा चौथा महिना चालू आहे. वजन तीन किलो वाढलंय. बरं वाटायला लागल्यापासून गोळ्या चुकवायला बघतात, म्हणून रात्री मावशी फोन करतात आणि मी काकांना ओरडते. हे कुठल्या वचनात बसतं कोण जाणे.

येत्या मंगळवारी मात्र दोन माणसं कमी आहेत. एका आजींच्या मोतीबिंदूची तारीख आहे आणि त्याच वेळी एकाला सोनोग्राफीला न्यायचंय.

---

काकडआरती

मी येऊ का? मंगळवारी माझी दुसरी पाळी असते, साडेबारापर्यंत मोकळा. गळ्यात माळ आहे, तुमच्या लोकांना चालत असेल तर.

---

शेवंता_ऐरोली

दादा, रांगेत कोण बघतंय. सात वाजता केसपेपरच्या खिडकीपाशी. आजी हिरव्या नऊवारीत असतील, ऐकू कमी येतं, उजव्या कानाशी बोला. फोन नंबर निरोपातून पाठवते.

---

काकडआरती

येतो. घरी फोल्डिंगचं स्टूल आहे, आईचं होतं. आजींना बसायला आणतो.